थंडीची मरगळ की उजेडाची?

डिसेंबरच्या सकाळी इंदिरानगरच्या गच्च्यांवर कोवळे ऊन खात बसलेली मंडळी आपण पाहतो. नाशिकचा पारा १० अंशांखाली गेला तरी ती खुशीत असतात. मग लंडनला गेलेली आपली मुले हिवाळ्यात मरगळतात ती का? आम्हाला वाटते, थंडीला उगाच बोल लावला जातो. खरी उणीव उजेडाची. २१ डिसेंबरच्या सुमारास नाशिकचा दिवस जवळजवळ ११ तासांचा, लंडनचा जेमतेम ८ तासांचा, आणि तोही बहुधा ढगाळ. आपले ढग येतात आषाढ-श्रावणात, दिवस १३ तासांचा असताना!

डोळ्याच्या पडद्यातील काही पेशी मेंदूतील घड्याळाला उजेड कळवतात. सकाळचा उजेड अपुरा पडला की ते मागे पडते आणि काहींना त्यातून नैराश्य येते, असे मानतात. १९८४ साली अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल व सहकाऱ्यांनी या ऋतुबद्ध नैराश्याचे वर्णन केले. सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या दिव्यासमोर बसणे हा त्यावरचा एक उपचार.

वर्गात उजेड असतो सुमारे ३०० लक्स. बाहेर, ढगांखालीसुद्धा, हजारो. डोळा जुळवून घेतो, म्हणून हा फरक जाणवत नाही. मोबाइलवरील प्रकाशमापकाने मुलांना फळ्याजवळ, खिडकीशी आणि मैदानात मोजून पाहू द्या.