नारळाएवढा सूर्य, नाचणीएवढी पृथ्वी

विजयदुर्गाच्या किल्ल्यांत दगडी चौथऱ्यांचे कांहीं अवशेष आहेत. गांवचे लोक त्यांना ‘साहेबाचे कट्टे’ म्हणतात. मराठ्यांच्या आरमाराचें हें ठाणें पाहावयास आलेला प्रवासी आंग्र्यांच्या पराक्रमाच्या गोष्टी ऐकत हिंडतो, या कट्ट्यांवर घटकाभर टेकतो आणि पुढें जातो. ते तोफांसाठीं बांधले असावेत असें त्याला वाटलें तर त्यांत नवल नाहीं. परंतु त्यांवर तोफा चढल्या नव्हत्या. दुर्बिणी चढल्या होत्या, आणि त्यांचें तोंड शत्रूच्या गलबतांकडे नसून सूर्याकडे होतें.

हा साहेब म्हणजे सर नॉर्मन लॉकियर. ‘हेलियम’ वायूचा शोध त्यानें याच कट्ट्यांवरून लावला, असें कोंकणांत मोठ्या अभिमानानें सांगण्यांत येतें. अभिमान योग्यच आहे, पण त्यांतील तपशील थोडा निराळा आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजीं जें खग्रास ग्रहण झालें, त्याची छाया दक्षिण महाराष्ट्रावरून व तेथून आंध्र किनाऱ्याकडे गेली. फ्रेंच ज्योतिषी जान्सेन त्या दिवशीं गुंटूरला होता, आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानांत. सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वाला तप्त वायूच्या आहेत, हें वर्णपटावरून त्याच दिवशीं निश्चित झालें. लॉकियर तेव्हां इंग्लंडांत होता. दोनच महिन्यांनीं, ग्रहणाची वाट न पाहतां, त्यानें तेथूनच त्या ज्वालांचा वर्णपट मिळविला. त्यांतील एक पिवळी रेषा पृथ्वीवरील कोणत्याहि ज्ञात द्रव्याशीं जुळेना, म्हणून तिच्या धन्याला ‘हेलिऑस’ या ग्रीक सूर्यनामावरून हेलियम हें नांव मिळालें. तोच वायु पृथ्वीवर सांपडला १८९५ सालीं, विल्यम रॅम्झे यांच्या प्रयोगशाळेंत. लॉकियर विजयदुर्गास आला तो त्यानंतर तीन वर्षांनीं, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठीं. त्या वेळीं विजयदुर्ग रत्नागिरी जिल्ह्यांत मोडत असे. १९८१ पासून तो सिंधुदुर्गांत गेला आहे.

त्या दिवशींचा प्रसंग मात्र कोणत्याहि आख्यायिकेची उसनवारी करावी लागूं नये इतका रम्य आहे. चंद्राची छाया अरबी समुद्रावरून धांवत आली आणि रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर तिनें हिंदुस्थानच्या भूमीला प्रथम स्पर्श केला. किल्ल्यांत ब्रिटिश आरमाराच्या ‘मेल्पोमीनी’ जहाजावरचे अधिकारी व खलाशी टोळ्याटोळ्यांनीं उभे होते. कोणी त्रिकोणी कांच लावलेले कॅमेरे सांभाळीत होता, कोणी तारे मोजण्यास सज्ज होता, कोणी हातांत कागद घेऊन सूर्याभोंवतींच्या प्रभेचें चित्र काढण्यास बसला होता. अनेक दिवस त्यांची तालीम चालली होती. कारण नाटक होतें अवघें दोन मिनिटांचें, आणि त्याचा दुसरा प्रयोग लागणार नव्हता.

भर दुपारीं सूर्यबिंब झांकलें गेलें आणि त्याभोंवतीं मोत्याच्या रंगाची शांत प्रभा फांकली. ज्योतिषी तिला करोना, म्हणजे किरीट म्हणतात. (हा शब्द २०२० सालीं एका रोगाच्या नांवानें घरोघर पोंचला. त्या विषाणूच्या भोंवतालचे कांटे या सूर्यकिरीटासारखे दिसतात म्हणूनच त्याला तें नांव पडलें होतें.) तिकडे वऱ्हाडांत तळणी येथें अ‍ॅनी माँडर या विदुषीनें त्याच ग्रहणाचीं छायाचित्रें घेतलीं. किरीटाचा एक किरण सूर्याच्या व्यासाच्या कित्येक पटींनीं दूर गेलेला त्यांत स्पष्ट उमटला. हा किरण संपतो तरी कोठें, असा प्रश्न त्या छायाचित्रानें उभा केला. त्याचें उत्तर पुढें जें मिळालें तें असें, कीं तो संपत नाहीं. तो पृथ्वीवरून पुढें जातो.

याचा अर्थ नीट कळण्यास आधीं अंतरांची कल्पना पाहिजे. कोटींचे आंकडे ऐकून कोणालाहि कांहीं कळत नाहीं. तेव्हां घरांतल्या वस्तूच घ्याव्या. रत्नागिरीस मांडवीच्या जेटीवर एक मध्यम आकाराचा नारळ ठेवला आणि तो सूर्य मानला, तर पृथ्वी म्हणजे पंधरा मीटरांवर ठेवलेला नाचणीचा एक दाणा. त्या दाण्यापासून चार सेंटीमीटरांवर, खसखशीच्या निम्म्याहूनहि बारीक असा चंद्र. या चार सेंटीमीटरांपलीकडे मनुष्याचें पाऊल अद्याप पडलेलें नाहीं. शेवटचा ग्रह नेपच्यून साडेचारशें मीटरांवर येईल. ‘व्हॉयेजर-१’ हें यान १९७७ सालीं निघालें. मनुष्यानें केलेली कोणतीहि वस्तु त्याहून दूर गेलेली नाहीं. तरी या मापानें तें जेटीपासून सुमारें अडीच किलोमीटर, म्हणजे जेमतेम रत्नागिरी शहराच्या गल्ल्यांतून चाललें आहे. आणि सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी तारा? तो नारळाएवढाहि नाहीं, सुपारीएवढा आहे. आणि ती सुपारी ठेवावी लागेल चार हजार किलोमीटरांवर, सिंगापूरच्याहि पलीकडे. मधल्या सगळ्या मुलुखांत दुसरा तारा नाहीं. आपल्या आकाशगंगेंत अशा नारळ-सुपाऱ्यांची संख्या दहा हजार कोटींच्या वर भरते, आणि आकाशगंगाहि एकच नाहीं.

ही ओसाडी पाहून मन दचकतें. पण तिचा एक उपकारहि आहे. जेथें एवढी मोकळी जागा, तेथें टक्कर क्वचितच व्हावयाची. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर म्हणजे सह्याद्रीच्याच जातीच्या काळ्या फत्तरावर आदळलेल्या एका अशनीचा घाव. त्याचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर आहे. असा घाव मनुष्याच्या लिखित इतिहासांत पृथ्वीवर एकहि झालेला नाहीं. १५ फेब्रुवारी २०१३ रोजीं रशियांत चेल्याबिन्स्कच्या आकाशांत एक लहान अशनि फुटला, तेव्हां सुमारें दीड हजार माणसें जखमी झालीं, तीं बहुतेक खिडक्यांच्या कांचांनीं. धोंड्यांचें भय खरें आहे, परंतु तें शतकांच्या हिशेबानें येणारें आहे. दुसरें भय मात्र त्याच नारळांतून निघतें आणि पंधरा मीटरांचें तें अंतर अधूनमधून ओलांडून येतें.

सूर्याचा पृष्ठभाग साडेपांच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला आहे. पण त्याच्याबाहेरचा तो मोतीया किरीट दहा लाख अंशांच्याहि वर. चुलीपेक्षां चुलीवरची वाफ शेंकडों पटींनीं कढत असावी, तसा हा प्रकार. आणि तो कसा घडतो याचा पुरता उलगडा शास्त्रज्ञांनाहि झालेला नाहीं. इतका तापलेला वायु सूर्याला धरून ठेववत नाहीं. तो सेकंदाला चारशें किलोमीटरांच्या सुमारास वेग घेऊन चोहोंकडे सुटतो. विजयदुर्गच्या खलाशांनीं कागदावर रेखाटली ती प्रभा म्हणजे या वाऱ्याचें उगमस्थान. पृथ्वी त्या वाऱ्यांतच फिरते. आपण ज्याला रितें अंतराळ म्हणतों, तें सूर्याचें अंगण आहे.

कधीं कधीं या वाऱ्याचें वादळ होतें. १ सप्टेंबर १८५९ रोजीं इंग्लंडांत कॅरिंग्टन हा ज्योतिषी सूर्यावरील डाग रेखाटीत असतां त्यांवर एकाएकीं पांढरा झगझगाट झाला आणि कांहीं मिनिटांत मावळला. त्यानंतर साडेसतरा तासांनीं, मुंबईच्या घड्याळांत २ तारखेची सकाळ कलत असतां, कुलाब्याच्या वेधशाळेंतील चुंबकसूची वेड लागल्यासारखी हलूं लागली. तेथील निरीक्षकांनीं मात्र डोकें शांत ठेवलें; दर कांहीं मिनिटांनीं ते आंकडे टिपीत राहिले. पृथ्वीचें आडवें चुंबकबल तेथें सुमारें १६०० नॅनोटेस्लांनीं उतरलें होतें. एरव्हीं दिवसभरांतला चढउतार शंभराच्या आंतच असतो. युरोप-अमेरिकेंत त्या वेळीं तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या, कोठें कोठें विद्युत्‌घट काढून टाकले तरी तारा चालत राहिल्या. पुष्कळ वेधशाळांच्या यंत्रांना ती उडी मोजवलीच नाहीं, म्हणून कुलाब्याच्या त्या वहीचें मोल आजहि मोठें आहे. वादळाचें खरें बळ ठरविण्यास २००३ सालीं संशोधकांनीं तीच वही उघडली. मुंबईंत विजेच्या ट्रामी येणार असें दिसतांच चुंबकीय वेधांचें हें काम १९०४ सालीं अलिबागेस नेण्यांत आलें. तें तेथें अजून चालू आहे. कोंकणचा किनारा असा पावणेदोनशें वर्षें सूर्याच्या नाडीवर बोट ठेवून बसला आहे.

१८५९ सालीं कोणी मेल्याचें ऐकिवांत नाहीं. कारण या नाचणीच्या दाण्याला दोन आवरणें आहेत. पहिलें चुंबकत्वाचें, तें सूर्याच्या बाजूस सुमारें साठ हजार किलोमीटरांपर्यंत पसरतें आणि वादळाचा लोंढा बाहेरून वळवितें. दुसरें हवेचें, तें मात्र फारच पातळ. निम्मी हवा जमिनीपासून साडेपांच किलोमीटरांच्या आंत आहे. सपाट रस्त्यावर हें अंतर कोणीहि धडधाकट माणूस सव्वा तासांत चालून जाईल. ज्यांत म्हणून मनुष्याचें घर, शेत, बंदर आणि देऊळ आहे तें सगळें या सव्वा तासाच्या वाटेंत आलें.

ही आवरणें देहाला वांचवितात. विजेच्या तारांना आणि उपग्रहांना वांचविण्यास तीं पुरत नाहींत. १३ मार्च १९८९ रोजीं सौरवादळानें कॅनडांतील क्वेबेक प्रांताची वीज सुमारें नऊ तास घालविली. साठ लाख लोक अंधारांत बसले. फेब्रुवारी १९२२ नव्हे, २०२२ मध्यें अमेरिकेंतील एका कंपनीनें नुकतेच सोडलेले ४९ उपग्रह एका साधारण वादळांत सांपडले; वरची हवा तापून फुगली आणि बहुतेक उपग्रह खालीं ओढले जाऊन जळून गेले. मे २०२४ च्या वादळाचा तांबूस प्रकाश लडाखमध्यें हानळे येथूनहि दिसला. कोणी म्हणेल, याचा रत्नागिरीशीं काय संबंध? मिरकरवाडा बंदरांतून मच्छिमारी नौका बाहेर पडतात त्या आतां केवळ ताऱ्यांवर आणि डोंगरांच्या खुणांवर चालत नाहींत. तांडेलाच्या हातांतील यंत्र उपग्रहांना विचारून आपली जागा सांगतें. १८५९ च्या खलाशाला सूर्यावरचें वादळ कळलेंहि नसेल. आजच्या तांडेलाला तें वाट चुकवूं शकतें.

म्हणून आतां पाहारा अंतराळांतच बसविण्यांत आला आहे. ‘आदित्य-एल१’ हें भारताचें यान २ सप्टेंबर २०२३ रोजीं श्रीहरिकोट्याहून निघालें आणि ६ जानेवारी २०२४ रोजीं आपल्या जागीं, पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरांवर, सूर्याच्या दिशेस स्थिर झालें. त्यावरील एका दुर्बिणींत सूर्यबिंब झांकणारी योजना आहे. लॉकियरला ज्यासाठीं बोटीनें येऊन दोन मिनिटें मिळालीं, तो किरीट ती सतत न्याहाळूं शकते. मांडवीच्या मापानें हें यान नाचणीच्या दाण्यापासून अवघें पंधरा सेंटीमीटर पुढें आहे. नेहमींचा सूर्यवारा त्याच्यावरून पुढें आला, कीं पृथ्वीवर पोंचण्यास त्याला तासभर लागतो. १८५९ चें वादळ सेकंदाला दोन हजार किलोमीटरांहून अधिक वेगानें आलें होतें. तसें पुन्हां आलें तर यानावरून पुढें सरकल्यावर किनाऱ्यावरच्या माणसाला दहा-बारा मिनिटें मिळतील. त्याआधींची सूचना हवी असेल, तर ती सूर्याच्या किरीटाकडे पाहूनच मिळवावी लागेल.