प्लग बदलण्याआधी मीटर लावा

डिसेंबर-जानेवारीत पनवेलला पहाटेचा गारठा जाणवू लागला, की डिझेल गाडीवाल्यांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं: “सकाळी गाडी उठत नाही ना? हीटर प्लग गेलेत. चारही बदलून टाक.” बॉनेट उघडायच्या आत हा निकाल लागलेला असतो. चार नवे प्लग बसतात, बिल दिलं जातं, आणि थोड्याच दिवसांत तीच गाडी पुन्हा नुसता सेल्फ खात उभी राहते. मग दुसरा निकाल येतो: “आता पंप बघावा लागेल.”

पुण्याकडे, गोव्याकडे आणि न्हावा-शेवा बंदराकडे जाणारे रस्ते पनवेलभोवती एकत्र येतात. इथे डिझेल गाड्यांची वाण नाही आणि त्या दुरुस्त करणाऱ्या कुशल हातांचीही नाही. म्हणूनच या सवयीचा राग येतो. हीटर प्लगचं, म्हणजे ग्लो प्लगचं सर्किट गाडीतल्या अगदी सरळ सर्किटांपैकी आहे: बॅटरी, मोठा फ्यूज, रिले किंवा कंट्रोल युनिट, जाड वायर, प्लगांना जोडणारी पट्टी, प्लग, आणि इंजिनच्या धातूतून बॅटरीकडे परत जाणारी अर्थ. या सातांपैकी सहा ठिकाणांकडे ढुंकूनही न बघता सातवं बदलायचं, याला दुरुस्ती कसं म्हणायचं? घरातला दिवा लागला नाही तर आपण आधी वीज आहे का ते बघतो. गाडीच्या बाबतीत तेवढीही तसदी का नको?

गैरसमज: गाडी सकाळी उठत नाही, म्हणजे हीटर प्लगच गेले

वस्तुस्थिती: ते तुमचं इंजिन कोणतं, यावर अवलंबून आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवली जाते की तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. पनवेलमध्ये जानेवारीच्या पहाटेही पारा साधारण १५ अंशांच्या आसपास असतो. १५ अंशांची हवा १७ पट दाबली आणि उष्णता कुठेच गमावली नाही, तर कागदावर तिचं तापमान ६०० अंशांच्या वर जातं. प्रत्यक्षात थंड पिस्टन आणि सिलिंडरच्या भिंती त्यातली बरीच उष्णता खातात. तरीही डिझेल आपोआप पेटायला लागणारं तापमान २१० ते २५० अंशांच्या घरात असल्यामुळे बरीच शिल्लक उरते.

म्हणून ज्या इंजिनात डिझेल थेट पिस्टनच्या वर फवारलं जातं, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन, ते पनवेलच्या थंडीत हीटर प्लगशिवायही बहुतेक वेळा सुरू होतं. थोडं खडखडेल, थोडा धूर देईल, पण उठेल. स्विफ्ट डिझेलमधलं १.३ लिटरचं इंजिन किंवा आजची कोणतीही कॉमन रेल गाडी याच वर्गात येते. शेतावरचं किर्लोस्करचं पंपाचं इंजिन माणूस हँडल फिरवून सुरू करतो, त्याला कुठे हीटर प्लग असतो? कळंबोलीला उभ्या असलेल्या बहुतेक मोठ्या ट्रकांच्या इंजिनांनाही तो नसतो. तेव्हा कॉमन रेल गाडी पनवेलमध्ये सकाळी अजिबात उठत नसेल, तर बॅटरी, सेल्फचा वेग, फिल्टर, डिझेलच्या लाइनमध्ये शिरणारी हवा आणि रेलचा दाब हे सगळं आधी तपासायला हवं. हीटर प्लगचा नंबर त्यानंतर लागतो.

इनडायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांची गोष्ट वेगळी. १९९८ मध्ये आलेली इंडिका डिझेल, २००५ चा टाटा एस म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’, मर्सिडीजच्या ओएम ६१६ इंजिनावर धावलेल्या जुन्या ट्रॅक्स ही त्यातली ओळखीची नावं. इथे डिझेल आधी एका छोट्या वेगळ्या कोठीत फवारलं जातं. त्या कोठीच्या आणि अरुंद तोंडाच्या भिंती हवेची उष्णता भराभर शोषतात. अशा इंजिनाला पनवेलच्या थंडीतही हीटर प्लग लागतो. दोन सिलिंडरच्या छोट्या हत्तीचा एक प्लग मेला, की अर्धं इंजिन थंड राहतं.

म्हणजे एकच वाक्य दोन्ही गाड्यांना लागू पडत नाही. आणि जिथे ते लागू पडतं तिथेही प्लग गेला की प्लगपर्यंत वीजच पोचत नाही, हा प्रश्न उरतोच.

पहिली खूण धुराची

सेल्फ मारताना सायलेन्सरकडे बघायला एक माणूस उभा करा. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही. अशा वेळी हीटर सर्किट, कॉम्प्रेशन किंवा टायमिंग यांवर संशय घ्यायला जागा आहे. धूर मुळीच येत नसेल तर डिझेलच आत जात नाही. मग प्लगांना हात लावायचं कारण नाही. या तपासणीला एक पैसा लागत नाही, तरी ती केली जात नाही.

दुसरी खूण बॅटरीची. रात्रभर उभ्या गाडीत तिचा व्होल्टेज साधारण १२.६ असावा आणि सेल्फ मारताना तो १० च्या फार खाली जाऊ नये. सेल्फ मंद फिरला की हवा सावकाश दाबली जाते, तिची उष्णता आणि दाब दोन्ही निसटतात, आणि सगळे प्लग धडधाकट असूनही गाडी उठत नाही.

वीज पोचते का, हे असं बघा

तपासणी पहाटे, थंड इंजिनावर करा. भर दुपारी गरम इंजिनावर मीटर लावून “करंटच येत नाही, रिले गेला” असं म्हणणारे बरेच आहेत. इंजिन गरम असताना टायमर किंवा कंट्रोल युनिट प्लगांना वीज देतच नाही, किंवा क्षणभर देतं. तिथे दिसलेला शून्य हा बिघाड नव्हे. उलटंही घडतं. इंजिनाचं तापमान सांगणारा सेन्सर बिघडून थंड इंजिनालाही ‘गरम’ म्हणू लागला, की बाकी सगळं ठीक असूनही प्लग तापत नाहीत.

जुन्या, १२ व्होल्टच्या प्लगांच्या गाडीत मीटरची लाल पिन प्लगांच्या पट्टीवर, काळी थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवा आणि किल्ली ऑन करा. ११ व्होल्टच्या आसपास दिसले तर वीज पोचते आहे. शून्य दिसला तर फ्यूज, रिले, रिलेला हुकूम देणारी वायर या क्रमाने मागे जा. ८-९ व्होल्ट दिसले तर मध्ये कुठेतरी सांधा खराब आहे.

हे मोजताना प्लग जोडलेलेच हवेत. पट्टी सुटी करून वायरवर १२ व्होल्ट दिसले आणि “वायरिंग ओके” म्हटलं, तर ती स्वतःची फसवणूक आहे. एका तारेवर टिकून असलेली वायरसुद्धा भार नसताना पूर्ण १२ व्होल्ट दाखवते.

तीच गत मीटरच्या ‘पीं’ आवाजाची. कंटिन्युइटी तपासताना मीटर वाजला म्हणजे जोड पक्का, हा समज गॅरेजांत खोल रुजलाय. आकडे मांडून बघा. थंड प्लगचा रोध साधारण अर्धा ते दीड ओहम असतो. समजा तो ०.८ ओहम आहे. एक प्लग सुरुवातीला १५ अँपिअर घेईल, चार प्लग ६०. चारही समांतर जोडलेले असल्यामुळे सगळ्यांचा मिळून रोध फक्त ०.२ ओहम होतो. आता कोकणातल्या चार पावसाळ्यांनी रिलेच्या टर्मिनलवर हिरवा थर चढवला आणि तिथे जेमतेम ०.०५ ओहमचा रोध तयार झाला. मीटर वाजेल, साधा मीटर तो शून्यच दाखवेल. पण प्लगांपर्यंत १२ ऐवजी ९.६ व्होल्टच पोचतील. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने घटते, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त उष्णता गायब! वर त्या खराब सांध्यावरच शंभरेक वॉट जळत राहतात आणि रिलेचं प्लास्टिक काळं पडतं. अशा गाडीत चार नवे प्लग घातले तर तेही अर्धवटच तापणार.

म्हणून वीज वाहत असताना प्रत्येक सांध्यावर किती व्होल्ट गळतात ते मोजा. फ्यूजच्या दोन्ही बाजूंना पिना, रिलेच्या दोन जाड टर्मिनलवर पिना. तिथे काही दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर चोर सापडला. मग एक पिन इंजिनाच्या ब्लॉकवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थची पट्टी काढा, घासा, नीट आवळा.

मग प्लगांकडे वळा

पट्टी काढा आणि प्रत्येक प्लगच्या टोकापासून इंजिनाच्या धातूपर्यंतचा रोध मोजा. ज्याचा रोध अनंत दिसेल तो तुटलेला. उरलेल्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघा. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करायला विसरू नका, कारण एवढ्या कमी रोधात मीटरच्या वायरींचा रोधही मोजला जातो. डीसी क्लँप मीटर असेल तर काम आणखी सोपं. जाड वायरीभोवती तो लावा आणि किल्ली ऑन करा. करंट जोरात सुरू होऊन काही सेकंदांत उतरायला हवा, कारण प्लगमधल्या नियंत्रक कॉइलचा रोध तापल्यावर वाढतो. चारांतला एक मेला असेल तर करंट पाव हिश्शाने कमी दिसतो.

नव्या गाड्यांत कंट्रोल युनिट वीज तुकड्या-तुकड्यांनी पुरवतं. तिथे साध्या मीटरवर विसंबू नका, स्कॅनर लावा. पी ०६७१ ते पी ०६७४ हे कोड अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरच्या प्लग सर्किटचे. लक्षात घ्या, कोड पूर्ण सर्किटचा आहे. उंदराने कुरतडलेली वायरही तोच कोड देते. पी ०३८० आणि पी ०६७० सुद्धा वायरिंग, रिले आणि कंट्रोल युनिटकडे बोट दाखवतात.

प्लग खरोखर गेला असेल तर तो काढा, पण का गेला तेही बघा. टोक वितळलं असेल तर इंजेक्टर गळतोय किंवा टायमिंग चुकलंय. टोक फुगलं असेल तर त्याला जास्त व्होल्टेज किंवा जास्त वेळ वीज मिळालीय. कारण तसंच ठेवून नवा प्लग बसवला तर तोही त्याच वाटेने जाणार. काढताना इंजिन कोमट असावं, आट्यांत आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल सोडलेलं असावं आणि हाताशी टॉर्क पाना असावा. काजळीत अडकलेला प्लग जोर लावून फिरवला की हेडमध्येच तुटतो, आणि काही शे रुपयांच्या कामाचं हेड उतरवण्याचं काम होतं.

इतर काही समज, थोडक्यात

“डॅशबोर्डवरचा कॉइलचा दिवा विझला, म्हणजे प्लग तापले.” जुन्या गाड्यांत तो दिवा टायमरवर चालतो. चारही प्लग मेलेले असले तरी तो वेळेवर लागतो आणि वेळेवर विझतो.

“हीटर प्लग म्हणजे डिझेलचा स्पार्क प्लग.” तो फक्त तापतो. इंजिन चालू ठेवणं हे त्याचं काम नाही.

“इंजिन सुरू झालं की त्याचं काम संपलं.” बऱ्याच गाड्यांत प्लग त्यानंतरही काही काळ, कधी तीन मिनिटांपर्यंत तापत राहतात. त्यामुळे पांढरा धूर आणि खडखड कमी होते. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ निकषांनंतर हे धुराचं गणित आणखी महत्त्वाचं झालंय.

“एक गेला की चारही बदलायचे.” एका वयाचे प्लग एकत्र बदलणं गैर नाही, पण एक खरोखर गेलाय हे मोजून दाखवल्यानंतर.

“प्लग थेट बॅटरीला लावून लाल होतो का बघायचा.” १२ व्होल्टच्या जुन्या प्लगला हे काही सेकंद चालेल, तेही पक्कडीत धरून, चेहरा लांब ठेवून. नवे प्लग ५-७ व्होल्टवर चालणारे असतात. त्यांना १२ व्होल्ट धरून ठेवले तर चांगला प्लग तुम्हीच जाळता.

“रिले नको, हॉर्नचं बटण लावून टाकू.” ६० अँपिअरचं काम हॉर्नच्या बटणाचं नाही. बटण वितळतं, वायर पेटते, आणि बोट जास्त वेळ दाबलं गेलं की प्लगही जळतात.

“एअर फिल्टरपाशी पेट्रोलचा बोळा धरा किंवा स्टार्टिंग स्प्रे मारा.” हा सगळ्यांत धोकादायक सल्ला. आत प्लग लालभडक असताना ती वाफ नको त्या क्षणी पेटते. इनटेक फुटू शकतो, पिस्टनच्या रिंगा तुटू शकतात, तोंडावर भडका येऊ शकतो. हीटर प्लग असलेल्या इंजिनाला हे कधीही करू नका आणि कोणाला करू देऊ नका.

गाडीमालकांनी काय विचारायचं

पुढच्या वेळी कोणी “चारही बदला” म्हणालं, तर तीन आकडे मागा: सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज, थंड इंजिनावर पट्टीवर आलेला व्होल्टेज आणि प्रत्येक प्लगचा रोध. आकडे सांगणाऱ्याला त्याची मजुरी आनंदाने द्या, एकही पार्ट बदलला नसला तरी. आपल्याकडे मजुरी नव्या पार्टवर मिळते, तपासणीवर मिळत नाही. अंदाजाने प्लग बदलण्याची सवय तिथूनच आली आहे. ज्या दिवशी गाडीमालक निदानाचे पैसे देऊ लागतील, त्या दिवशी गॅरेजवालाही आधी मीटर हातात घेईल.