रक्तातली आगाऊ वर्दी

तर्कशास्त्राच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात येणारे एक उदाहरण आहे. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी असला पाहिजे. हे अनुमान खरे ठरायचे, तर जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, हा नियम आधी पक्का असावा लागतो. नैयायिक त्याला व्याप्ती म्हणतात. वैद्यकशास्त्र सध्या असेच एक अनुमान करू पाहत आहे. त्याचा पर्वत म्हणजे माणसाचे आतडे, आणि धूर शोधायचा तो रक्तात.

रोग आहे आतड्याचा जुनाट दाह. त्याचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, व्रण पडतात, शौचातून रक्त जाते. दुसरा क्रोनचा रोग. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर या डॉक्टरांनी १९३२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हा दाह आतड्याच्या भिंतीत आरपार खोल जातो. पुढे आतडे अरुंद होते, आणि पुष्कळांवर शस्त्रक्रियेची पाळी येते. दोन्ही रोग बहुधा ऐन तारुण्यात गाठतात आणि जन्मभर सोबत करतात.

आता तुम्ही म्हणाल, पोट दुखू लागले की जाऊ डॉक्टरांकडे. आधीपासून कशाला धास्ती? अडचण अशी, की पोट दुखू लागते तेव्हा आत बरेच काही घडून गेलेले असू शकते. हे कळले कसे, ते पाहा. रोग होण्यापूर्वीचे रक्त मिळवणे सोपे नाही. कोणाला रोग होणार हे आधी ठाऊक नसते ना! पण काही देशांची सैन्ये आपल्या जवानांचा रक्तरस गोठवून जपून ठेवतात. इस्रायलमधील संशोधकांनी असा साठा तपासला. पावाच्या यीस्टविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे ते शोधत होते. पुढे क्रोनचा रोग झालेल्या ३२ जणांपैकी १० जणांच्या जुन्या रक्तात ती सापडली, आणि तीही निदानापूर्वी सरासरी ३८ महिने. तुलनेसाठी घेतलेल्या ९५ निरोगी माणसांत एकाच्याही रक्तात ती नव्हती. हे संशोधन २००५ साली प्रसिद्ध झाले.

पुढे अमेरिकन सैन्याच्या साठ्यातून २०२० साली असे दिसले, की रक्तातील ५१ प्रथिने एकत्र वाचली, तर क्रोनचा रोग पाच वर्षे आधी बऱ्यापैकी ओळखता येतो. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या बाबतीत मात्र या प्रथिनांनी दाद दिली नाही. त्याचा माग २०२३ साली दुसऱ्याच एका प्रतिपिंडाने दिला. पुढे हा रोग झालेल्यांपैकी शंभरात सुमारे बारा जणांच्या रक्तात ते निदानाच्या दहा वर्षे आधीच होते. निदानाच्या वेळी हे प्रमाण बावन्नावर गेले. त्याच वर्षी डेन्मार्कमधील नोंदींवरून कळले, की नेहमीच्या साध्या रक्ततपासण्यांतही क्रोनच्या रोगाआधी आठ वर्षे आणि कोलायटिसच्या आधी तीन वर्षे हळूहळू फरक पडत असतो. पण हे फरक इतके बारीक, की एकट्या माणसाचा कागद पाहून डॉक्टरही 'सारे ठीक आहे' असेच म्हणतील.

म्हणजे धूर आहे खरा. मग सर्वांचेच रक्त तपासून का टाकू नये? येथे जरा हिशेब मांडू. समजा, एक लाख वस्तीचे गाव आहे आणि त्यांतल्या १०० जणांना पुढे हा रोग व्हायचा आहे. चाचणी चांगली धरा: ती शंभरातले ८० भावी रोगी हेरते आणि निरोगी माणसांत शंभरात पाचदाच चुकते. खरे रोगी सापडले ८०. पण उरलेल्या ९९,९०० निरोगी माणसांपैकी ४,९९५ जणांच्या हातीही तोच भीतीचा कागद पडला! म्हणजे घाबरवलेल्या सुमारे ६३ जणांत खरा रोगी एक. बाकीच्यांची झोप उडाली ती फुकट.

आता हीच चाचणी रोग्यांच्या सख्ख्या नातेवाइकांवर लावा. तेथे समजा हजारात ५० जणांना रोग व्हायचा आहे. खऱ्या सूचना ४०, खोट्या ४७-४८. म्हणजे जवळजवळ निम्म्या खऱ्या. चाचणी तीच, पण कोणाला विचारायचे ते बदलले आणि उत्तराची किंमत बदलली. म्हणूनच कॅनडातून २००८ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने क्रोनच्या रोग्यांची पाच हजारांहून अधिक निरोगी भावंडे आणि मुलेच निवडली.

आपल्या देशात आणखी एक धुके आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोनचा रोग यांची लक्षणे एकमेकांसारखी दिसतात. यीस्टविरुद्धची ती प्रतिपिंडे क्षयाच्या रोग्यांतही आढळतात, असे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अभ्यासाने २००७ साली दाखवले. दुसऱ्या देशात सिद्ध झालेली व्याप्ती येथे जशीच्या तशी लागू होईलच, असे धरून चालत नाही. आणि चूक महागात पडते. क्रोनवरची काही औषधे क्षयाला मोकळे रान देतात.

२०२४ साली ब्रिटनमधील एका चाचणीचे निष्कर्ष आले. रोग नव्याने कळलेल्यांत कोणाचा रोग उग्र होईल, हे रक्तावरून ठरवून उपचार बेतावेत, अशी कल्पना होती. रक्ताच्या त्या परीक्षेचा काही उपयोग झाला नाही. पण प्रभावी औषध सुरुवातीलाच दिलेल्यांपैकी शंभरात ७९ जण वर्षभरानंतर टिकाऊ आराम भोगत होते. पायरीपायरीने औषध वाढवलेल्यांत हा आकडा १५ होता. लवकर ओळखण्याचे मोल यात आहे.

तेव्हा वाचकहो, धडधाकट असताना ही रक्तपरीक्षा करून घ्यायला धावू नका. पण शौचातून रक्त जाणे, आठवडेच्या आठवडे न थांबणारे जुलाब, रात्री पोटदुखीने जाग येणे, कारण नसता वजन उतरणे, यांतले काही असेल, आणि घरात हा रोग कोणाला असेल तर विशेषच, 'मूळव्याध असेल' म्हणून ते अंगावर काढू नका. विडी-सिगारेट ओढत असाल तर सोडा. तिने क्रोनचा धोका वाढतो, हे पक्के ठाऊक आहे. रक्तातली वर्दी अजून अपुरी आहे. शरीर उघड उघड देते ती वर्दी तरी आपण ऐकली पाहिजे.