श्वानविष्ठेचा खत म्हणून वापर : कितपत सुरक्षित?

शहरांतील गच्चीवरील बागा आणि ग्रामीण भागातील परसबागा वाढत असताना घरच्या घरी खत तयार करण्याकडे अनेकांचा कल दिसून येतो. भाज्यांचे अवशेष, पालापाचोळा, शेण, लेंडीखत, कोंबड्यांची विष्ठा या सर्वांचा उपयोग होतो. मग पाळलेल्या कुत्र्याची विष्ठा का वापरू नये, असा प्रश्न विस्तार कार्यकर्त्यांना विचारला जातो. पुष्कळ ठिकाणी तर तो विचारलाही जात नाही. अंगण झाडताना विष्ठा फावड्याने उचलून उकिरड्यावर टाकली जाते आणि हंगामाच्या सुरुवातीला शेणखताबरोबर ती भाजीच्या वाफ्यात पोहोचते.

या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे, की भाजीपाला, कंदमुळे, फळभाज्या आणि चारापिके यांना श्वानविष्ठा ताजी, वाळलेली अथवा घरगुती ढिगात कुजवलेली, कोणत्याही स्वरूपात देऊ नये. यामागील कारणे समजून घेतल्यास शेतकऱ्यांना ती पटवून देणे सोपे जाईल.

शेण आणि श्वानविष्ठा यांतील फरक

नत्र, स्फुरद आणि सेंद्रिय पदार्थ श्वानविष्ठेतही असतात. त्यामुळे ती पिकाला निरुपयोगी आहे असे म्हणता येणार नाही. फरक आहे तो आहाराचा आणि परजीवींचा. गाय-म्हैस वनस्पती खाते. तिच्या शेणात न पचलेल्या तंतूंचे प्रमाण मोठे असते. ते हळूहळू कुजते आणि जमिनीचा पोत सुधारते. कुत्र्याचा आहार प्रथिनयुक्त असतो. त्याच्या विष्ठेत तंतू कमी असून ती दुर्गंधी सोडत लवकर सडते. शिवाय माणसाला बाधणारे अनेक कृमी कुत्र्याच्या आतड्यात वाढतात आणि त्यांची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात.

शेणही पूर्णपणे निर्धोक नसते. त्यातही ई. कोलाय, साल्मोनेला यांसारखे जीवाणू असू शकतात. म्हणूनच ताजे शेण भाजीपाल्याला न देता चांगले कुजवून देण्याची शिफारस केली जाते. श्वानविष्ठेच्या बाबतीत मात्र नेहमीच्या पद्धतीने कुजवणे पुरेसे ठरत नाही.

विष्ठेतून पसरणारे रोग

टोक्सोकॅरा कॅनिस हा गोलकृमी सर्वांत महत्त्वाचा. त्याची एक प्रौढ मादी दिवसाला २ लाखांपर्यंत अंडी घालू शकते. गाभण कुत्रीकडून हा कृमी गर्भातील पिल्लांकडे जातो. त्यामुळे लहान पिल्लांच्या विष्ठेत अंड्यांचे प्रमाण फार मोठे असते. मातीने माखलेले हात किंवा न धुतलेली भाजी यांतून अंडी माणसाच्या पोटात गेली, की अळ्या बाहेर पडून यकृत, फुप्फुस आणि क्वचित डोळ्यापर्यंत जातात. डोळ्यात गेलेल्या अळीमुळे दृष्टी जाऊ शकते. मातीत खेळणाऱ्या मुलांना हा धोका अधिक असतो.

अंकुशकृमींच्या अळ्या ओलसर मातीत वाढतात आणि अनवाणी पायांच्या त्वचेतून आत शिरतात. त्वचेखाली नागमोडी, खाजणाऱ्या लाल रेषा उमटतात. भारतासह आशियात आढळणारी अंकुशकृमीची एक जात, ॲन्सिलोस्टोमा सिलॅनिकम, माणसाच्या आतड्यातही पूर्ण वाढते. भाताच्या रोपवाटिकेत किंवा भाजीच्या वाफ्यात अनवाणी काम करणाऱ्या मजुरांच्या दृष्टीने ही बाब गंभीर आहे.

एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस हा काही मिलिमीटर लांबीचा पट्टकृमी आहे. त्याची अंडी पोटात गेल्यास माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात द्रवाने भरलेल्या हायडॅटिड पुटी वाढतात. त्या वर्षानुवर्षे लक्षात येत नाहीत आणि अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते. याखेरीज जिआर्डियासारखे एकपेशीय जीव आणि साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर हे जीवाणू विष्ठेतून पसरतात.

येथे दोन गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. टोक्सोप्लाझ्माची अंडी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतात, कुत्र्याच्या नव्हे. तसेच रेबीज विष्ठेतून पसरत नाही. तरीही वर उल्लेखिलेले धोके कमी होत नाहीत.

जुनी, वाळलेली विष्ठा सुरक्षित असते का?

'वाळून माती झाली, आता काय होणार?' असा समज सर्वत्र आढळतो. गोलकृमीच्या बाबतीत वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. विष्ठेतून बाहेर पडते त्या वेळी अंडे संसर्गक्षम नसते. अनुकूल उष्णता व ओलावा मिळाल्यास साधारणतः २ ते ४ आठवड्यांत त्यात अळी तयार होते आणि त्यानंतरच ते बाधक ठरते. म्हणजे विष्ठा दिसेनाशी होते, दुर्गंधी जाते, नेमका त्याच काळात धोका वाढतो. जाड कवचामुळे ही अंडी मातीत अनेक महिने, अनुकूल स्थितीत काही वर्षेही टिकतात. त्यांचा चिकट पृष्ठभाग भाजीच्या पानांना सहज धरून राहतो. कोथिंबीर, पुदिना, कांदापात, मुळा, गाजर अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांत त्यामुळे जोखीम सर्वाधिक असते.

कुजवल्याने धोका टळतो का?

कृमींची अंडी निश्चितपणे नष्ट करण्याचा मार्ग म्हणजे पुरेशा काळापर्यंत टिकणारी उष्णता. सांडपाण्याच्या गाळापासून कंपोस्ट करताना अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने घातलेली अट येथे मार्गदर्शक ठरते. बंदिस्त यंत्रणेत किंवा हवा सोडलेल्या स्थिर ढिगात किमान ३ दिवस, तर उघड्या लांबट ढिगात किमान १५ दिवस तापमान ५५ अंश सेल्सिअस किंवा अधिक राहिले पाहिजे आणि त्या १५ दिवसांत ढीग किमान ५ वेळा उलथला पाहिजे. उलथणे महत्त्वाचे, कारण ढिगाचा गाभा तापला तरी कडेचा थर थंडच राहतो.

घरगुती पातळीवर ही अट पाळली जात नाही, याचे कारण साध्या हिशेबात आहे. मध्यम आकाराचा कुत्रा दिवसाला सुमारे ३०० ग्रॅम विष्ठा टाकतो. वर्षाला ही राशी ११० किलोच्या आसपास भरते आणि तिच्यात पाण्याचाच अंश मोठा असतो. उष्णता धरून ठेवण्यासाठी ढीग साधारणपणे १ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि १ मीटर उंच असावा लागतो. दररोज मूठभर भर पडणारा ढीग तापत नाही आणि आज टाकलेली ताजी विष्ठा काल कुजलेल्या थराला पुन्हा दूषित करते.

प्रचलित पद्धतींचा विचारही याच निकषावर करावा लागतो. नाडेप टाक्यात थर भरून वरून लिंपण केले जाते. ढीग उलथला जात नाही, त्यामुळे सर्व भागांना सारखी उष्णता मिळण्याची खात्री नसते. इंदूर पद्धतीत ढीग उलथला जातो, परंतु गावातील साध्या उकिरड्यावर ते क्वचितच घडते. गांडूळखताच्या वाफ्यात तर तापमान सुमारे ३५ अंशांच्या वर जाऊ नये म्हणून काळजी घेतली जाते, अन्यथा गांडुळे मरतात. म्हणजे गांडुळांना मानवणारे तापमान कृमींच्या अंड्यांनाही मारक ठरत नाही. बोकाशी किंवा जीवाणूंची विरजणे वापरून दुर्गंधी कमी होते. तेवढ्यावरून अंडी नष्ट झाली असे समजू नये.

अमेरिकेतील अलास्का राज्यात बर्फावरील घसरगाड्या ओढण्यासाठी मोठ्या संख्येने कुत्रे पाळले जातात. तेथे विष्ठेची समस्या मोठी असल्याने फेअरबँक्स येथे कंपोस्टचे प्रयोग झाले आणि २००५ मध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या संवर्धन सेवेने मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. २ भाग विष्ठा आणि १ भाग लाकडाचा भुसा, योग्य ओलावा, तापमापकाने नियमित नोंद आणि वारंवार उलथणे या सर्व दक्षता घेऊन ढिगाचे तापमान ६० अंशांच्या आसपास नेता आले. एवढे करूनही हे खत खाद्यपिकांना देऊ नये, असेच त्या मार्गदर्शिकेत स्पष्ट केले आहे.

पशुधनाला असलेला धोका

दूषित चारा व पाणी यांतून एकायनोकॉकसची अंडी शेळ्या, मेंढ्या, गायी आणि म्हशी यांच्या पोटात गेल्यास त्यांच्याही यकृत-फुप्फुसात पुटी होतात. अशा जनावराचे अवयव कुत्र्याने कच्चे खाल्ले, की चक्र पूर्ण होते. टिनिया मल्टिसेप्स या दुसऱ्या पट्टकृमीच्या अळ्या मेंढीच्या मेंदूत वाढतात. मेंढी एकाच दिशेने गोल फिरू लागते. पशुवैद्यकात हा रोग 'गिड' म्हणून ओळखला जातो.

दुग्धव्यावसायिकांनी निओस्पोरा कॅनिनम या एकपेशीय जीवाची विशेष नोंद घ्यावी. कुत्र्याच्या विष्ठेतून त्याची पुटिका चाऱ्यावर पडते आणि गाभण गायीत, बहुधा पाचव्या-सहाव्या महिन्यात, गर्भपात घडू शकतो. बाधित गाय हा संसर्ग गर्भातूनच पुढील पिढीला देते. भारतातील गायी-म्हशींतही या जीवाविरुद्धची प्रतिपिंडे आढळली आहेत. म्हणून गव्हाण, चाऱ्याची गंजी आणि मुरघास यांपासून कुत्रे दूर ठेवावेत. वार आणि गर्भपात झालेले गर्भ कुत्र्यांना खाऊ न देता खोल पुरावेत.

सुरक्षित विल्हेवाट

• विष्ठा दररोज उचलावी. ती जितकी लवकर उचलली जाईल, तितकी गोलकृमीची अंडी मातीत मुरून बाधक होण्याची शक्यता कमी होते. हातमोजे किंवा खुरपे वापरावे व नंतर हात साबणाने धुवावेत.

• जागा उपलब्ध असल्यास २ ते ३ फूट खोल स्वतंत्र खड्डा घ्यावा. तो विहीर, कूपनलिका व नाला यांपासून किमान ३० मीटर दूर आणि पाणी न साचणाऱ्या उंच जागी असावा. प्रत्येक वेळी वर माती टाकून झाकण ठेवावे.

• खड्डा भरत आल्यावर किमान १ फूट मातीचा थर देऊन तो कायमचा बंद करावा. त्यावर शोभेचे झाड लावण्यास हरकत नाही. तेथील माती मात्र पुन्हा उकरू नये.

• शहरात विष्ठा गुंडाळून स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नियमांनुसार द्यावी. ओल्या कचऱ्याच्या घरगुती कंपोस्ट पेटीत ती टाकू नये.

• पिल्लांना वयाच्या दुसऱ्या आठवड्यापासून आणि प्रौढ कुत्र्यांना साधारणपणे दर तीन महिन्यांनी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंतनाशक द्यावे. पट्टकृमींसाठी प्राझिक्वान्टेलयुक्त औषध लागते. कुत्र्यांना कच्चे अवयव खाऊ घालू नयेत.

आधीच वापर झाला असल्यास

अशा वाफ्यात पुढील काही वर्षे पालेभाज्या व कंदमुळे घेऊ नयेत. फुलझाडे किंवा उंच वाढणारी फळझाडे घ्यावीत. काम करताना पादत्राणे व हातमोजे वापरावेत. उन्हाळ्यात ओलसर जमीन पारदर्शक प्लास्टिकने झाकून तापवल्यास वरच्या थरातील अंड्यांची संख्या घटण्यास मदत होते. खालच्या थराची मात्र खात्री देता येत नाही.

एका कुत्र्यापासून वर्षभरात मिळणारे पोषण एखाद्या गायीच्या वर्षभराच्या शेणाच्या तुलनेत फारच थोडे असते. एवढ्या अल्प लाभासाठी घरातील मुलांची दृष्टी आणि गोठ्यातील गाभण गाय पणाला लावणे परवडणारे नाही. गावभेटीत शेणखताचा ढीग पाहताना त्यावर कुत्रे बसतात का आणि अंगणातील विष्ठा कोठे टाकली जाते, हे दोन प्रश्न विस्तार कार्यकर्त्यांनी आवर्जून विचारावेत. ढिगाभोवती साधे कुंपण आणि विष्ठेसाठी वेगळा खड्डा, एवढ्याने बराचसा धोका टळतो.