शाळेचा कागद ई-मेलवर यावा

सप्टेंबर २०२४ मध्ये राज्यातल्या प्राथमिक शिक्षक संघटनांनी आंदोलनाचे एक नवेच हत्यार बाहेर काढले. कमी पटाच्या शाळांवर कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय आणि संचमान्यतेचे नवे निकष यांना विरोध म्हणून काळ्या फिती लागल्या, २५ सप्टेंबरला सामूहिक रजा टाकून मोर्चे निघाले. आणि शिक्षकांना आणखी एक आवाहन झाले: प्रशासनाच्या सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून बाहेर पडा.

ग्रुप सोडणे हेच आंदोलन ठरू शकते, एवढे शाळांचे कामकाज त्या हिरव्या चौकोनात जाऊन बसले आहे. रजेपासून पोषण आहारापर्यंत आणि मतदार यादीपासून शिष्यवृत्तीपर्यंत सगळे तिथेच चालते.

नांदेड जिल्ह्यात १६ तालुके आहेत, लातूरमध्ये १०. तिथल्या शाळांपर्यंत सरकारी पत्र कसे पोचते ते पाहावे. पुण्याच्या शिक्षण संचालनालयातून निघालेले पत्र लातूरच्या विभागीय उपसंचालक कार्यालयात येते, तिथून जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. इथवरचा प्रवास बहुतेक वेळा ई-मेलने होतो. पुढे मात्र वाट बदलते. पत्राचा फोटो निघतो, तो तालुक्याच्या ग्रुपवर पडतो, तिथून केंद्रप्रमुख तो केंद्राच्या ग्रुपवर टाकतात आणि मुख्याध्यापक शाळेच्या ग्रुपवर. शेवटच्या शिक्षकापर्यंत पोचते ती त्या फोटोची पुसट प्रत. जावक क्रमांक वाचता येत नाही, आणि दुसरे पान मागेच राहिलेले असते.

किनवट-माहूरच्या डोंगराळ पट्ट्यातल्या एखाद्या द्विशिक्षकी शाळेचा विचार करावा. परिपाठ झालेला असतो, पोषण आहाराची खिचडी शिजत असते आणि एक शिक्षक दोन-तीन वर्गांना सांभाळत असतो. तेवढ्यात फोन वाजतो: ‘अतितात्काळ. सोबतच्या विहित नमुन्यात माहिती आजच सादर करावी. निरंक असल्यास तसे कळवावे.’ खाली पाठोपाठ चाळीस ‘ओके सर’ येतात, कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छाही येतात आणि नमुना वर निघून जातो. रेंज आल्यावर संध्याकाळी फाइल उघडायला जावे, तर तोवर तीच माहिती वेगळ्या नमुन्यात मागितलेली असते. २०२३ मध्ये शिक्षकांनी ‘आम्हाला शिकवू द्या’ अशी हाक दिली, ती अशाच दिवसांतून आली होती. शिक्षकांची ही तक्रार रास्त आहे.

या सगळ्यावर ई-मेल हे रामबाण औषध नाही. एकच माहिती चार वेळा मागायची सवय ई-मेलनेही आपोआप सुटणार नाही. पण निदान ती चार वेळा मागितली होती, हे तारखेनिशी दाखवता येईल.

कारण मुद्दा नोंदीचा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला कायदेशीर मान्यता दिली. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात तर ‘माहिती’च्या व्याख्येतच ई-मेलचे नाव आहे. व्हॉट्सअॅपवरचा संदेशही इलेक्ट्रॉनिक अभिलेखच, पण तो राहतो कोणाच्या तरी खासगी फोनमध्ये. फोन बदलला, बिघडला किंवा माणूस निवृत्त झाला की शाळेकडे काहीच उरत नाही. वेतनश्रेणीचा प्रस्ताव कधी पाठवला, वर्गखोली धोकादायक झाल्याचे कोणत्या तारखेला कळवले, हे प्रश्न तीन-चार वर्षांनी उभे राहतात. त्या वेळी शिक्षकाच्या बाजूने बोलणारा कागद हवा असतो.

शाळेचा ई-मेल पत्ता बहुतेक ठिकाणी असतो, कारण कुठल्या ना कुठल्या पोर्टलने तो कधीतरी मागितलेला असतो. तो चालू असतोच असे नाही. अनेकदा तो गावातल्या ऑनलाइन सेंटरवाल्याने काढून दिलेला असतो, मोबाइल नंबर तत्कालीन मुख्याध्यापकांचा आणि पासवर्ड कोणालाच आठवत नाही. जिल्हा परिषदेच्या ऑनलाइन बदल्या झाल्या की सर दुसऱ्या तालुक्यात जातात आणि किल्लीही त्यांच्याबरोबर जाते. त्यात गूगलचा नियम असा, की दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते बंद करून आतले सगळे पुसले जाऊ शकते.

उपाय अवघड नाही. पदभार देताना जनरल रजिस्टर, कीर्द, शिक्का आणि कपाटाच्या किल्ल्या यादी करून दिल्या जातात. त्याच चार्ज यादीत ई-मेलचा पत्ता यावा. नव्या मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी पासवर्ड आणि मोबाइल नंबर बदलून घ्यावा. पत्ता काढताना व्यक्तीचे नाव नको, शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक घ्यावा. नांदेडच्या शाळांचा तो २७१५ ने सुरू होतो, लातूरच्या २७२८ ने. माणसे बदलली तरी हा पत्ता बदलायचे कारण पडत नाही.

व्हॉट्सअॅप बंद करा, असे कोणी म्हणत नाही. पुराचे पाणी चढले, उद्या शाळेला सुट्टी जाहीर झाली, तर ग्रुपसारखे दुसरे साधन नाही. ग्रुपने घंटेचे काम करावे: ‘पत्र मेलवर पाठवले आहे, मुदत शुक्रवार’, एवढेच. मूळ पत्र, नमुना आणि उत्तर ई-मेलवरच राहावे. विषयाच्या ओळीत जावक क्रमांक, विषय आणि मुदत लिहिली की वर्षभराने शोधतानाही पत्र क्षणात सापडते. मजकूर युनिकोडमध्ये हवा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांची चित्रविचित्र रांग दिसते, हा अनुभव प्रत्येक लिपिकाला आहे.

आणखी एक गोष्ट वेळेची. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्कातून मोकळे राहण्याचा हक्क कायद्यात आला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी त्याच धर्तीचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले, पण कायदा झालेला नाही. रात्री दहाला ग्रुपवर पडलेल्या संदेशाला कोणी पाहिले, कोणी नाही, हे लगेच दिसते आणि सकाळी विचारणा होते. ई-मेल रात्री आला तरी शाळेच्या वेळेत उघडता येतो. मधल्या सुट्टीत एकदा आणि शाळा सुटताना एकदा पेटी पाहायची, असा नियम मुख्याध्यापकांनी ठरवला तर वर्ग चालू असताना फोन बाहेर काढायची गरजच पडणार नाही. विशेषतः लेकुरवाळ्या शिक्षिकांच्या संध्याकाळीही त्यामुळे मोकळ्या होतील.

याची सुरुवात मात्र वरूनच व्हायला हवी. शाळेने मेल पाठवायचा आणि कार्यालयाने ‘तेच व्हॉट्सअॅपवर टाका’ म्हणायचे, असे दोनदा झाले की तिसऱ्यांदा कोणी मेल उघडत नाही. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी येत्या मुख्याध्यापक बैठकीत प्रत्येक शाळेचा पत्ता तिथेच उघडून बघावा, बंद असेल तर तिथेच नवा काढून द्यावा आणि पुढचे परिपत्रक त्याच पत्त्यावर पाठवावे. पोच आली नाही तर केंद्रप्रमुखांनी शाळाभेटीत शेजारी बसून मेल उघडून दाखवावा.