अजिंठ्याच्या नकला आणि आरेखनाचा विद्यार्थी
परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्यासारख्या ठिकाणाहून आरेखनाच्या शिक्षणास गेलेल्या विद्यार्थ्यास, प्रकल्पासाठी एखादा चित्रकार वा छायाचित्रकार निवडण्याचा प्रसंग आला असता, परदेशात झालेल्या कामांच्या मागे धावण्याचे मुळीच कारण नाही; कारण आपल्या मराठवाड्यातच, अजिंठ्यास, या विषयाचे उत्तम दप्तर खुले आहे. मद्रास लष्करातील रॉबर्ट गिल याने १८४४ पासून तेथील भित्तिचित्रांच्या तैलरंगी नकला केल्या. त्यांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत भस्मसात झाल्या, तथापि गिलने मध्यंतरी कॅमेराही हाती धरल्यामुळे त्याची लेण्यांची छायाचित्रे १८६४ च्या ग्रंथात सुरक्षित राहिली. पुढे १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी तेच काम नव्याने आरंभिले, आणि त्यांच्याही कित्येक नकला १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. (अग्नीचे या चित्रांशी काय वैर होते, कोण जाणे!)

नकलेत रंग मिळतो, पण रेषा नकलकाराच्या वळणाची असते. त्या काळच्या छायाचित्रात आकार यथातथ्य, परंतु रंग नाही. सबब वहीत प्रत्येक चित्राखाली कर्ता, वर्ष, माध्यम आणि मूळ कृतीचे ठिकाण ही नोंद अवश्य करावी.

कायद्याचे कलम निराळे. चित्र असो वा छायाचित्र, प्रताधिकार कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. गिल कधीच मुक्त झाला, मात्र १९७१ साली निवर्तलेल्या चित्रकार दीनानाथ दलालांचे मुखपृष्ठ छापावयाचे झाल्यास २०३१ अखेरपर्यंत हक्कदारांची परवानगी घ्यावी लागेल.