उडत्या पक्ष्यावरील प्रकाश

हिवाळा सुरू झाला की जबलपूरच्या ग्वारीघाटापाशी नर्मदेच्या पात्रावर कुरव पक्ष्यांचे थवे उतरू लागतात. उत्तरेकडील थंड प्रदेशांतून आलेल्या या पाहुण्यांना तेथील लोक सरसकट ‘सायबेरियन पक्षी’ म्हणतात. त्यांची छायाचित्रे टिपण्यासाठी घाटावर हौशी लोकांची गर्दी होते. परंतु पुष्कळांच्या पदरी निराशा येते. आकाश उत्तम उमटते आणि पक्ष्याच्या जागी पंख पसरलेली एक काळी आकृती तेवढी दिसते. डोळ्यांना पांढराशुभ्र दिसलेला पक्षी चित्रात काळा का व्हावा?

याचे उत्तर कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाच्या स्वभावात आहे. समोर पक्षी आहे की आकाश, हे प्रकाशमापकाला कळत नाही. आपल्यासमोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे, असे गृहीत धरून तो प्रकाशाचे प्रमाण ठरवतो. या प्रमाणालाच छायाचित्रकार ‘एक्स्पोजर’ म्हणतात. चौकटीचा बहुतेक भाग उजळ आकाशाने व्यापलेला असला की प्रकाश फार झाला असे समजून तो आत येणारा प्रकाश कमी करतो. त्यामुळे आकाश करडे होते आणि सावलीत असलेले पंखांचे खालचे अंग काळवंडते. पक्ष्यामागे गर्द झाडी असेल तर याच्या उलट घडते. दृश्य अंधारे आहे असे समजून कॅमेरा जास्त प्रकाश घेतो आणि पांढरी पिसे जळाल्यासारखी कोरी पांढरी होतात.

हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही. भारतात हिवाळ्यात येणाऱ्या कुरवांमध्ये काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा अशा दोन जाती आहेत. गंमत अशी की, ज्या डोक्यांवरून त्यांना ही नावे मिळाली, ती हिवाळ्यात दोघांचीही पांढरी असतात. डोळ्यामागे एक गडद ठिपका तेवढा उरतो. मग पूर्ण वाढ झालेल्या पक्ष्यांची ओळख पंखांच्या टोकांवरून पटवावी लागते. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या काळ्या पंखटोकांवर पांढरे ठिपके असतात, तर काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड टोकाकडे पांढरी असते आणि काळा रंग टोकाला बारीकसा दिसतो. चित्रात पंख काळाठिक्कर किंवा कोरा पांढरा उमटला, तर ही खूणच नाहीशी होते. पक्षी आला होता एवढे कळते. कोणता आला होता ते कळत नाही.

कॅमेऱ्याच्या कळा फिरवण्यापूर्वी उभे राहण्याची जागा निवडावी. निम्मे काम तेथेच होते. ग्वारीघाट नर्मदेच्या उत्तर तीरावर आहे. म्हणून घाटाच्या पायऱ्यांवरून नदीकडे पाहणाऱ्याचे तोंड साधारणपणे दक्षिणेकडे असते. जबलपूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात तेथे सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे ४३ अंशच वर येतो, आणि तोही दक्षिणेकडे. म्हणजे दुपारी घाटावर उभ्या असलेल्या माणसाच्या समोर सूर्य असतो आणि पक्ष्याची सावलीची बाजू त्याच्याकडे असते. नावेने पैलतीरी गेल्यास सूर्य पाठीशी येतो. सकाळचे कोवळे ऊन अधिक चांगले, कारण खालून तिरपे येणारे किरण पंखांच्या खालच्या अंगापर्यंत पोहोचतात. उजळ वाळू किंवा फिकट दगड यांवरून परतणारा प्रकाशही पंखांना खालून उजळतो. वाऱ्याकडेही लक्ष असावे. पक्षी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उठतात आणि उतरतात. वारा आणि सूर्य दोन्ही पाठीशी असले की पक्ष्याचा चेहरा आपल्याकडे असतो.

आता मोजमापाविषयी. छायाचित्रणात प्रकाश दुप्पट किंवा निम्मा करण्याला एक ‘स्टॉप’ म्हणतात. पक्षी उजळ आकाशासमोर असेल तर प्रकाशमापकाने सुचवलेल्या प्रमाणापेक्षा एक ते दोन स्टॉप अधिक प्रकाश द्यावा. हा उपाय सोपा असला तरी अपुरा आहे. कुरव क्षणात आकाशासमोर असतो, क्षणात झाडीसमोर. प्रत्येक वेळी दुरुस्ती करायला सवड कोठून मिळणार? खरे पाहता पार्श्वभूमी बदलली तरी पक्ष्यावर पडणारे ऊन तेच असते. म्हणून एक्स्पोजर स्वतः ठरवून कायम ठेवणे, हाच उत्तम मार्ग होय. जुन्या छायाचित्रकारांचा एक नियम येथे उपयोगी पडतो. स्वच्छ उन्हात भिंगाचे छिद्र एफ-१६ ठेवावे आणि शटरचा वेग संवेदनशीलतेच्या आकड्याइतका घ्यावा. संवेदनशीलता ४०० असेल तर वेग १/४०० सेकंद. छिद्र एफ-८ इतके मोठे केले की प्रकाश चौपट होतो, म्हणून वेग १/१६०० सेकंद करता येतो. पक्षी पांढरा असेल तर पिसांचे तपशील टिकावेत यासाठी आणखी एक स्टॉप कमी करून १/३२०० सेकंद घ्यावा. सकाळच्या कोवळ्या उन्हात मात्र प्रकाश कमी असतो. तेव्हा उन्हातल्या हिरव्या गवताकडे कॅमेरा रोखून माप घ्यावे, कारण गवत साधारण मध्यम छटेचे असते.

इतका वेग हवाच का, असे कोणी विचारील. फ्रेंच शास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे याने १८८२ मध्ये पक्ष्यांच्या उड्डाणाचा अभ्यास करण्यासाठी बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. तो एका सेकंदात १२ चित्रे घेई आणि प्रत्येक चित्राला १/७२० सेकंद एवढाच वेळ देई. पंखाची फडफड गोठवायची तर वेळ किती थोडा हवा, हे त्याने तेव्हाच ओळखले होते. आजचा छायाचित्रकार त्याच्याही पुढे जाऊन १/१६०० किंवा १/२००० सेकंदाचा वेग पसंत करतो.

ग्वारीघाटावर जमलेला हिशेब भेडाघाटला मात्र चुकतो. तेथे नर्मदा संगमरवरी कड्यांच्या अरुंद घळीतून वाहते. एक कडा उन्हात लखलखतो, तर समोरचा सावलीत बुडालेला असतो. एकच पक्षी उन्हातून सावलीत शिरला की त्याच्यावरचा प्रकाश खरोखरच बदलतो, आणि कायम ठेवलेले एक्स्पोजर निरुपयोगी ठरते. अशा ठिकाणी उन्हाच्या पट्ट्यासाठी माप ठरवून पक्षी त्या पट्ट्यात येण्याची वाट पाहणे श्रेयस्कर.

ज्यांच्याजवळ केवळ मोबाइल आहे, त्यांनाही हे तत्त्व वापरता येते. बहुतेक मोबाइलमध्ये पडद्यावर बोट काही क्षण दाबून धरले की प्रकाशाचे माप पक्के होते आणि बोट वरखाली सरकवून ते कमी-अधिक करता येते. पायरीवर बसलेल्या कुरवावर माप पक्के करावे आणि तो उडाला की चित्र घ्यावे. पक्षी जवळ यावेत म्हणून शेव-फरसाण टाकण्याची रीत अनेक घाटांवर पडली आहे; मासे आणि किडे यांवर जगणाऱ्या पक्ष्याला ते खारट, तळलेले अन्न देऊन मिळवलेले चित्र कितीही स्वच्छ असले तरी महागच पडले म्हणायचे.

पहिली दोन-चार चित्रे घेतल्यावर ती तेथेच मोठी करून पंखांची टोके पाहावीत. काळ्यात पांढरे ठिपके आहेत की नाहीत, हे ठरवता येत असेल तर माप बरोबर आहे. ठिपके पांढऱ्यात विरघळले असतील तर शटरचा वेग वाढवावा. पंख काळवंडला असेल तर तो थोडा कमी करावा. काळवंडलेला भाग संगणकावर काहीसा उजळता येतो, पण त्यात दाणेदारपणा येतो. कोऱ्या पांढऱ्या झालेल्या पिसाची रेघ मात्र पुन्हा उमटवता येत नाही.